गोचिडाला माणूस दिसत नाही

मराठीत गोचिडाला कधी चांगलं नाव मिळालं नाही. सावकार गोचिडासारखा चिकटतो, खुर्ची न सोडणारा पुढारी गोचिडासारखा चिकटतो, आणि लग्नघरात चार दिवस जास्त राहिलेला पाहुणाही. दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात येतो. वेगळी शिवी द्यावी लागत नाही. गाईच्या कानामागून टपोरा गोचीड ओढून काढताना आणि दगडावर चिरडताना कुणाच्या मनाला काही लागत नाही. या जिवाला आपण नुसतं ओळखत नाही. त्याच्यावर आपण आरोप ठेवलेला आहे, आणि शिक्षाही आधीच ठरवून टाकली आहे.

आरोप खरा आहे की नाही हे पाहायचं, तर गोचिडाच्या बाजूनं जग कसं दिसतं ते पाहायला हवं. हे काम याकोब फॉन उक्स्क्युल या जीवशास्त्रज्ञानं करून ठेवलं आहे. प्रत्येक प्राण्याचं स्वतःचं असं एक जग असतं, हे सांगणारं त्याचं एक छोटं पुस्तक 1934 साली आलं, आणि त्यात त्यानं पहिलं उदाहरण घेतलं ते गोचिडाचं. गोचिडाची मादी झुडपाच्या टोकाला जाऊन बसते. तिला डोळे नाहीत. खालून एखादा सस्तन प्राणी गेला, की त्याच्या कातडीवरच्या आम्लाचा वास तिला कळतो आणि ती अंग सोडून देते. उबेवर पडली, तर योग्य जागी पडलो हे तिला कळतं. मग केस नसलेली जागा चाचपायची आणि तोंड खुपसायचं. वास, ऊब, उघडी कातडी. तीन खुणा, आणि त्यांच्यापलीकडे जग नाही. वाट पाहण्याची तिची ताकद मात्र अफाट आहे. रोस्टॉकच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं उपाशी जगलेल्या गोचिडांचा उल्लेख उक्स्क्युल करतो.

या जगात वानर नाही, म्हैस नाही, माणूस नाही. काजूची बी वेचणारी बाई नाही आणि वीकेंडला डोंगर चढायला आलेला इंजिनियरही नाही. जात, धर्म, उत्पन्नाचा दाखला यांतलं काहीच तिथे पोचत नाही. आपल्या राज्यघटनेनं जी समता कागदावर लिहिली, ती गोचीड काहीही न शिकता पाळतो.

मग एक प्रश्न उरतो. जो जीव माणसामाणसांत फरक करूच शकत नाही, त्यानं आणलेला आजार बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या माणसांना का होतो?

*

रायगडचा किनारा पाहिला, तर या प्रश्नाला हात घालायला सोपं जातं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यात समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भातखाचरं, आणि त्याच्या मागे लगेच डोंगर. फणसाडचं रान याच डोंगरांत आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, 1986 पासून अभयारण्य आहे. पर्यटक ज्याला नुसतं 'जंगल' म्हणतो, ते इथल्या माणसासाठी कामाचं ठिकाण आहे. दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकली, की पुढचे चार-पाच महिने डोंगराचे. भाताचे राब भाजायचे म्हणजे शेण हवं, कवळ हवं आणि पातेरा हवा. पातेरा म्हणजे झाडांखाली साचलेला वाळका पाला. बाया तो हातानं आणि झाडूनं गोळा करतात, जाळीत नाहीतर जुन्या लुगड्यात बांधतात, डोक्यावर आणतात. मोळ्या पावसाच्या आत घरात पडायला हव्यात. कातकरी कुटुंबं कंद, मध, लाकूडफाटा यांसाठी रानात असतात. गुरं भात निघाल्यावर मोकळी सुटलेली असतात. ती दिवसभर डोंगरात चरतात आणि संध्याकाळी वाड्यात येतात.

आता नकाशावर थोडं वर आणि थोडं खाली पाहू. 2011 च्या जानेवारीत गुजरातमध्ये, अहमदाबादजवळच्या साणंद भागात, काँगो तापाचा रुग्ण सापडला. हा तापही गोचिडातून येतो. गुरं त्यानं आजारी दिसत नाहीत, पण आजारी माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याला होऊ शकतो. त्या वेळी रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. 2020 च्या सप्टेंबरात गुजरातकडून पुन्हा बातम्या आल्या, तेव्हा पालघर जिल्ह्याच्या प्रशासनानं सावधगिरीचा इशारा दिला होता. खाली दक्षिणेला, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, 2016 साली माकडताप आला आणि पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला पसरला. रायगड या दोहोंच्या मधे आहे. माकडताप हा इथला आजार म्हणून ओळखला जात नाही, आणि इथे भीती पेरायची नाही. पण वानरं, मोकळी गुरं, तोडून पुन्हा उगवलेली झुडपी रानं आणि पातेऱ्यात हात घालणारी माणसं, एवढं सामान इथेही आहे. जो प्रश्न दोडामार्गला पडला तो आपला नाही, असं मुरुडच्या किंवा श्रीवर्धनच्या माणसाला म्हणता येणार नाही.

*

माकडतापाची गोष्ट 1957 ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणू लागली. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 साली ते सुरू केलं होतं; आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी शंका आली पिवळ्या तापाची. तो आशियात कधी नव्हता, त्यामुळे धाबं दणाणलं. प्रत्यक्षात विषाणू निघाला वेगळाच, रशियाच्या जंगलांत गोचिडांतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. त्या जंगलावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी, असं नाव पडलं. गावकऱ्यांनी त्याला माकडताप म्हटलं आणि तेच टिकलं.

त्याची साखळी समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा नैतिक गुंता तिच्यात आहे. गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो, आणि या जातीत तिन्ही वेळा यजमान वेगळा. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेली बारीक पिलं उंदीर, घुशी, पक्षी अशा लहान जिवांवर चढतात. त्यातून वाढलेले, खसखशीएवढे, पटकन नजरेत न येणारे मधल्या वयाचे गोचीड साधारण जानेवारी ते मे या काळात पातेऱ्यात आणि झुडपांवर असतात. माणसाला आणि वानरांना चावतात ते मुख्यतः हेच. पुढे मोठे झालेले गोचीड पावसाळ्यात गाईगुरांवर पोट भरतात, खाली गळतात आणि मादी हजारोंनी अंडी घालते. गुराला या विषाणूचा आजार होत नाही. ते फक्त गोचिडांची पंगत घालतं. काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड मात्र त्या तापानं मरतं, आणि ते जिथे मरून पडतं तिथे त्याच्या अंगावरचे गोचीड उतरतात. तेवढा तुकडा मग धोक्याचा होतो. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. विषाणूच्या हिशेबात माणूस म्हणजे आडवाटेचं शेवटचं स्टेशन, पुढे गाडी जात नाही. पण त्या स्टेशनावर उतरलेला पाहुणा डोकं फुटेल असा ठणका देतो, अंग मोडून काढतो, काहींना रक्तस्राव होतो, काहींना बरं वाटल्यावर पुन्हा दुसरा झटका येतो. शंभरात तीन ते पाच माणसं जातात. उरलेल्यांचे कामाचे कित्येक आठवडे जातात.

जॉर्ज बोशेल हा कोलंबियाचा शास्त्रज्ञ या आजारावर काम करायला आला होता. त्यानं 1969 साली जे मांडलं ते आजही टोचतं. विषाणू बहुधा त्या रानात आधीपासून निवांत होता. माणसांनी रान तोडलं, काठावर भातशेती केली, गुरं आत सोडली. तोडलेल्या जागी घाणेरीची जाळी माजली, गुरांनी मोठ्या गोचिडांना भरपूर रक्त पुरवलं, गोचीड बेसुमार वाढले, आणि शांत असलेला आजार वर आला. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं, आणि तिथे माकडतापाची मोठी साथ आली. हजाराहून जास्त माणसं आजारी पडली. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात रुग्ण निघाले, पुढच्या वर्षी दोडामार्गला. दोन्हीकडे काजूचाच मुलूख, आणि मोसमही काजूचाच. बोंडू पिकून पडतात फेब्रुवारी ते मेमध्ये. बी वेचायला वाकावं लागतं, हात पातेऱ्यात घालावा लागतो. खसखशीएवढा गोचीड त्याच महिन्यांत त्याच पातेऱ्यात असतो.

*

अशा वेळी पहिला सल्ला निघतो तो ठरलेला: जंगलात जाऊ नका.

सल्ला चुकीचा नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं तो बिनतोड आहे. जो पातेऱ्यात जाणार नाही त्याला गोचीड चावणार नाही. पण हे वाक्य दोन माणसांना सांगून पाहा. मुंबईहून फणसाडला येणाऱ्या ट्रेकरला सांगितलं, तर त्याचा एक रविवार बुडेल. तो काशिदच्या किनाऱ्यावर जाईल आणि मासे खाऊन परत येईल. काजू वेचणाऱ्या बाईला सांगितलं, तर तिचा वर्षाचा रोख पैसा बुडेल. मुलाची फी, कापडचोपड, घरावरची कौलं, सगळं त्या चार महिन्यांच्या बियांवर असतं. कातकरी कुटुंबाला सांगितलं, तर चूल बुडेल. वाक्य तेच, अक्षरं तीच, किंमत मात्र ऐकणाऱ्यागणिक बदलते. सल्ला फुकट असतो म्हणतात. तो देणाऱ्याला फुकट असतो.

यावर एक सरळ आक्षेप येतो. डॉक्टरनं, आरोग्यसेवकानं खरं सांगू नये काय? लोकांना परवडणार नाही म्हणून धोका लपवायचा काय? अजिबात नाही. धोका सांगितलाच पाहिजे, आणि जे सांगतात ते खुर्चीत बसून सांगतात असंही नाही. मेलेल्या माकडाभोवती औषधाची भुकटी मारायला जाणारा कर्मचारी, मृत माकड उचलणारा वनरक्षक, हेही त्याच पातेऱ्यात उभे असतात. 2012 साली कर्नाटकात बंदीपूरच्या रानात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणाऱ्यांनाच माकडताप झाला होता.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. प्रौढ माणसं आहेत, धोका माहीत आहे, तरी जातात. तो त्यांचा निर्णय. त्यांना अडवणारे आपण कोण? या म्हणण्यात आदर आहे आणि तो खोटा नाही. गरिबाला कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी आपण ठरवू, या वृत्तीपेक्षा हे म्हणणं शंभर पटींनी बरं. पण निर्णय म्हणायला निदान दोन वाटा लागतात. एका वाटेवर ताप आणि दुसऱ्या वाटेवर उपास, हा निर्णय नव्हे, हा पेच आहे. पेचात सापडलेल्या माणसाचं स्वातंत्र्य आपण मोठ्या आदरानं मान्य करतो, तेव्हा त्या आदरात आपली सोयही किती आहे हे तपासायला हवं.

कारण अशा सल्ल्याला दोन चेहरे असतात. एक माहिती देण्याचा: इथे धोका आहे, तो असा आहे. दुसरा अंग काढून घेण्याचा: आम्ही सांगितलं होतं, पुढचं तुमचं तुम्ही. पहिला चेहरा हवाच. दुसरा मात्र लबाड आहे, कारण तो इशाऱ्याचं रूपांतर निर्दोषत्वाच्या दाखल्यात करतो. 'सांगितलं होतं ना' हे वाक्य ऐकायला येतं ते माणूस आजारी पडल्यावर, आणि त्याचा उपयोग आजारी माणसाला नसतो, बोलणाऱ्याला असतो.

हे अपरिहार्य आहे असं वाटत असेल, तर ऑस्ट्रियाकडे पाहावं. तिथल्या रानांतही गोचिडांतून मेंदूज्वर होतो. त्याचा विषाणू आपल्या माकडतापाच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. तिथे 1970 च्या दशकात लस आली, 1981 पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, आणि रुग्णांची संख्या मोठ्या प्रमाणात उतरली. जंगलात जाऊ नका, एवढ्यावर तिथे भागवलं नाही. आपल्याकडे माकडतापावर फॉर्मॅलिननं निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस होती आणि ती कर्नाटकात बरीच वर्षं दिली गेली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या दोन डोसांचं संरक्षण 62 टक्क्यांच्या आसपास दिसलं, एका डोसाचं शून्य. पुढे तिचा वापर थांबला आणि नव्या लशीवर काम सुरू झालं. नेमकं औषध आजही नाही. 1957 साली ज्या गावकऱ्यांचं रक्त तपासून विषाणू ओळखला गेला, त्यांची नातवंडं आता म्हातारपणाकडे झुकली. जिथे रान ही बहुतेकांची मौज आहे तिथे लस झाली. जिथे रान ही भाकरी आहे तिथे अजून मुख्यतः सल्ला आहे.

*

मग दोषी कोण? आपल्याला हा प्रश्न आवडतो, कारण दोषी सापडला की गोष्ट संपते.

गोचीड? त्याच्या जगात आपण नाही; ज्याला आपण दिसतच नाही त्याच्यावर वैराचा आरोप ठेवता येत नाही. वानर? ते आपल्याआधी मरतं. गाय? ती सवयीनं चरली. गाय सोडणारा शेतकरी? वैरण विकत घ्यायची त्याची ऐपत नाही, आणि त्याच्या आजोबांनीही गुरं अशीच सोडली. रान तोडून काजू लावणारा? त्याला शासनानं आणि बाजारानं दोघांनी सांगितलं की डोंगरउतारावर काजू लाव. काजू खाणारा? त्यानं दिवाळीला एक डबा भेट दिला. रायगडात आणखी एक नाव वाढवावं लागेल: डोंगरउताराची वरकस जमीन शहरातून विकत घेऊन, कुंपण घालून, भाव चढण्याची वाट पाहत ती तशीच टाकणारा. तिच्यात झुडपं माजतात, आणि पूर्वी तिथून पातेरा नेणारी बाई आणखी वर, दाट रानात जाते. त्यानंही कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.

प्रत्येक कडी तपासली तर प्रत्येक जण निर्दोष सुटतो, आणि तरीही शेवटी एक माणूस तापानं मरतो. आपली रोजची नैतिक भाषा इथे थिटी पडते. तिला हेतू लागतो, निदान हलगर्जी तरी लागते. दोन्ही नसलं की ती म्हणते, दैव. आणि दैव म्हटलं की कुणाचंच काही देणं लागत नाही.

याला पर्याय ठरेल अशी एक कल्पना आपल्या परंपरेत आहे: पंचसूना. गृहस्थाच्या घरात पाच कत्तलखाने असतात, असं जुन्या धर्मशास्त्रानं म्हटलं: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. या पाच ठिकाणी रोज बारीकसारीक जीव मरतात. गृहस्थाला ते मारायचे नसतात आणि टाळताही येत नाहीत, कारण चूल पेटवल्याशिवाय घर चालत नाही. तरीही शास्त्र म्हणतं, तुझ्यावर देणं चढलं, आणि ते रोज फेडायला हवं, त्यासाठी पंचमहायज्ञ. मला यातली बारकाई फार मोलाची वाटते. हेतू नव्हता, टाळता येत नव्हतं, आणि तरी देणं लागतं. इथे गृहस्थाला कुणी पापी म्हणत नाही. तो फक्त ऋणको ठरतो. आपल्या नुसत्या जगण्यानं कुणाला तरी इजा होते, हे मान्य करणारी आणि त्यामुळे खचून न जाता रोजचा हिशेब ठेवायला लावणारी ही कल्पना आहे.

पण ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पंचसूनेची ही मांडणी ज्या मनुस्मृतीत येते, तिची होळी याच जिल्ह्यात झाली. 25 डिसेंबर 1927 ला महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेत ती जाळली गेली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. ती जाळण्याचं कारण विसरून त्या ग्रंथातली एखादी कल्पना गोंजारणं बरं दिसत नाही. उलट त्या होळीच्या उजेडातच ही कल्पना तपासायला हवी. तशी तपासली तर तिच्यातली गोम दिसते: इजा एकाला होते आणि फेड दुसऱ्यालाच मिळते. चुलीत मुंगी मरते, आणि गृहस्थ अध्ययन करतो, तर्पण करतो, होम करतो, बळी ठेवतो, पाहुण्याला जेवू घालतो. देणेकऱ्याचं मन हलकं होतं, मेलेल्या मुंगीच्या वारुळाला त्यातलं काय पोचतं हे कुणी विचारत नाही. ज्या समाजात कोण कुणाचं काय देणं लागतो हे जन्मावर ठरत होतं, तिथे फेड वरच्या वर फिरत राहिली यात नवल नाही. महाडनं शिकवलेला धडा हाच आहे, की देणं कुणाचं आणि ते पोचतं कुणाला, हा प्रश्न आधी विचारायचा.

म्हणून पंचसूनेतलं अर्धं घ्यावं आणि अर्धं महाडकडून घ्यावं. दोष नसला तरी देणं असतं, हे पहिलं. आणि ते देणं ज्याला इजा होते त्याच्याच हातात पडलं पाहिजे, हे दुसरं.

*

हे हवेतलं बोलणं नाही. त्याचा हिशेब मांडता येतो. ज्या महिन्यांत आपण माणसाला रानात जाऊ नको म्हणतो, त्या महिन्यांची त्याची मजुरी हा सल्ल्याचाच भाग समजायला हवा. नाहीतर सल्ला अर्धाच दिला. जिथे जाणं थांबवता येत नाही, तिथे गमबूट, अंगाला लावायचं औषध, संध्याकाळी अंग तपासण्याची सवय आणि गुरांवरच्या गोचिडांचा बंदोबस्त, या गोष्टी त्याच्या दारात पोचायला हव्यात. ताप आला तर तपासणीसाठी नमुना कुठे जाणार आणि उत्तर किती दिवसांत येणार, हे त्याला साथीच्या आधी कळायला हवं. लशीचा पाठपुरावा साथ ओसरल्यावर थांबता कामा नये. यातलं एकही काम नवीन नाही, आणि अशक्य तर अजिबात नाही. आपण ते मेहेरबानी म्हणून करतो की देणं म्हणून, एवढाच फरक आहे. मेहेरबानी साथ संपली की संपते. देणं फिटेपर्यंत राहतं.

या हिशेबात वानराचंही खातं आहे, आणि कोकणात ते उघडणं सोपं नाही. वानर-माकडांनी आंबा, काजू, नारळ, भाजीपाला यांची जी नासधूस चालवली आहे तिला शेतकरी विटला आहे, आणि त्याचा राग खरा आहे. सकाळी परड्यात येऊन कोवळी शहाळी फोडून गेलेला कळप पाहिला, की करुणेचे धडे ऐकण्याची कुणाची तयारी नसते. तरीही माकडतापाच्या मुलखात वानर आणखी एक काम करतं, ज्याचा त्याला पत्ता नाही. ते आधी मरतं. त्याचा मृत्यू ही गावाला मिळालेली पहिली बातमी असते, कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीची. ही बातमी सरकारी यंत्रणेपर्यंत पोचते ती रानात जाणाऱ्या माणसाकडून, आणि तिथेच पेच पुन्हा येतो. मेलेलं वानर पाहिल्याचं कळवलं, तर वाडीचं नाव होणार, त्या बाजूला जायला बंदी येणार, मोसम हातचा जाणार. म्हणजे सगळ्या तालुक्याला वाचवणारी माहिती देण्याचा भुर्दंड माहिती देणाऱ्यावर. असा व्यवहार असेल तर लोक गप्प का बसतात, याचं आश्चर्य वाटायला नको. ते गप्प बसत नाहीत, बरेच जण कळवतातही, याचं वाटायला हवं.

वानरं मारून टाका, रान जाळून टाका, असे उपायही चावडीवर सुचवले जातात. वणवा आपल्या डोंगरांना नवा नाही. पण बोशेलनं जे दाखवलं त्याचा अर्थच हा, की रानाची घडी विस्कटली की आजार वर येतो. ती आणखी विस्कटून तो खाली जाईल, ही आशा भाबडी आहे. गोचिडावर दया करा, असं माझं म्हणणं नाही. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा, आणि त्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नये. फक्त तो काढल्यानं न्याय झाला असं समजू नये. आरोपी म्हणून त्याला उभा करणं ही आपली सोय होती.

गोचीड आजही झुडपाच्या टोकाला, वास, ऊब आणि कातडीची वाट पाहत, कुणाशीही वैर न धरता बसलेला आहे. त्या झुडपाखालून कोण जाणार, हे त्यानं ठरवलेलं नाही. ते काजूच्या भावानं ठरवलं, जमिनीच्या व्यवहारानं ठरवलं, मजुरीच्या दरानं ठरवलं, आणि लस कुणासाठी तातडीची मानायची या निर्णयानं ठरवलं. हे सगळं ठरवण्यात आपण कमीअधिक सामील आहोत, काहीही वाईट न करता. येत्या फेब्रुवारीत श्रीवर्धनच्या किंवा दोडामार्गच्या डोंगरावर बाया पातेऱ्याला निघतील, तेव्हा त्यांना जाऊ नका म्हणणाऱ्यानं आणि ते वाक्य पेपरात वाचून मान डोलावणाऱ्यानं, दोघांनीही एकच गोष्ट विचारावी: त्या नाही गेल्या, तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार?